वाचकांचे प्रश्न : गरोदरपणातील खाज, कावीळ आणि यकृत

पावसाळा तोंडावर आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येणाऱ्या पत्रांत काविळीचा विषय हमखास असतो. या वेळची बरीचशी पत्रे गर्भवतींची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत, म्हणून हा संपूर्ण रकाना त्यांच्यासाठीच ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे गाळली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. गरोदरपणात यकृत बिघडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी काहींत बाळंतपण लवकर उरकणे हाच उपचार असतो, तर काहींत तशी घाई करून आईच्या यकृताला काहीही लाभ होत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे डोळे सारखेच पिवळे दिसतात. त्यामुळे ‘कावीळ झाली’ एवढ्यावर समाधान मानू नये. ती कशामुळे झाली, हे डॉक्टरांना विचारावेच.

प्रश्न : मला आठवा महिना लागला आहे. पंधरवड्यापासून तळहातांना आणि तळपायांना फार खाज येते, रात्री तर झोपच लागत नाही. अंगावर पुरळ नाही. आई म्हणते, पोट वाढते तशी खाज येतेच, खोबरेल तेल लाव. तेलाने काही फरक पडलेला नाही. काळजीचे कारण आहे का? (एक पहिलटकरीण, दापोली तालुका)

उत्तर : पोटाची कातडी ताणली जाते तेथे खाज येणे नेहमीचे आहे आणि तेलाने तिला आरामही पडतो, आपल्या आईचे म्हणणे त्या खाजेपुरते खरे आहे. आपल्या पत्रातील खाज मात्र निराळी दिसते. ती तळहात-तळपायांपासून सुरू झाली, रात्री वाढते आणि कातडीवर पुरळ नाही. अशी बाई तपासणीसाठी चप्पल काढते तेव्हा घोट्याभोवती नखांच्या लांब रेघा दिसतात, काही ताज्या, काही खपली धरलेल्या. पण मूळचा पुरळ शोधूनही सापडत नाही. रात्री काय करता असे विचारले, तर न्हाणीघरात जाऊन पायांवर गार पाणी ओतत बसते, असे उत्तर येते.

गरोदरपणातील संप्रेरकांच्या वाढत्या प्रमाणामुळे काही स्त्रियांच्या यकृतातून पित्त नीट वाहून जात नाही आणि पित्ताम्ले रक्तात साठू लागतात. बहुधा सातव्या महिन्यानंतर हा विकार दिसतो. जुळे असल्यास त्याची शक्यता वाढते, आणि आई किंवा बहिणीला तो झाला असेल तरीही वाढते. तेव्हा आपल्या आईला एकदा विचारून पाहा, कदाचित तिनेही अशा रात्री काढल्या असतील. बहुतेकींचे डोळे पिवळे होत नाहीत, आणि नेमके म्हणूनच घरातले कोणी या खाजेकडे गांभीर्याने पाहत नाही.

आईला या विकाराचा त्रास झोपमोडीपलीकडे सहसा जात नाही आणि बाळंतपणानंतर काही दिवसांत खाज थांबते. प्रश्न बाळाचा असतो. पित्ताम्ले वाढलेली असताना वेळेआधी कळा सुरू होणे, बाळाने पोटातच शी करणे आणि क्वचित बाळ पोटात दगावणे, हे धोके संभवतात. मात्र सर्वांना सारखीच भीती घालण्याचे कारण नाही. अनेक देशांतील रुग्णांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की एकच बाळ पोटात असताना पित्ताम्लांची पातळी ४० मायक्रोमोल प्रतिलिटरच्या खाली राहिली तर बाळ पोटात दगावण्याचे प्रमाण ०.१३ टक्के, ४० ते ९९ असेल तर ०.२८ टक्के आणि १०० किंवा त्याहून अधिक असेल तर ३.४४ टक्के होते. म्हणजे खरी उडी १०० च्या पुढे आहे. म्हणूनच आकडा हाती असणे महत्त्वाचे ठरते.

आपण दोन चाचण्या करून घ्याव्यात : यकृताची नेहमीची रक्ततपासणी, जी तालुक्याच्या गावी सहज होते, आणि पित्ताम्लांची तपासणी, जिचा नमुना बहुतेक वेळा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि अहवालाला काही दिवस लागतात. पहिल्यांदा दोन्ही चाचण्या ठीक आल्या तरी खाज तशीच राहिली, तर आठवड्या-दोन आठवड्यांनी त्या पुन्हा कराव्यात, कारण कित्येकदा खाज आधी येते आणि रक्तातील बदल मागाहून दिसतो.

उपचार म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. त्यांविषयी स्पष्ट सांगायला हवे. इंग्लंड-वेल्समध्ये ६०५ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळ्यांनी बाळावरील परिणामांत लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. खाज थोडी कमी झाली, इतकेच. त्यामुळे गोळी चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये. बाळाचे रक्षण मुख्यतः बाळंतपणाची वेळ नीट ठरवून होते : पातळी १०० च्या पुढे असल्यास साधारण ३५ ते ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर, मधल्या पातळीत ३८ ते ३९ आठवड्यांदरम्यान, आणि सौम्य विकारात पूर्ण दिवस भरेपर्यंत थांबता येते. बाळाची हालचाल कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखान्यात जावे. पुढच्या खेपेस हा विकार पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, हेही आताच ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा महिना सरत आला आहे. चार दिवसांपासून जेवण नको वाटते, उलट्या होतात, लघवी गडद पिवळी होते आणि कालपासून डोळे पिवळे दिसतात. वाडीत आणखी दोघांना कावीळ झाली आहे. आमच्याकडे एक जाणते गृहस्थ काविळीची माळ घालतात आणि झाडपाल्याचे औषध देतात, त्यांचा गुण पुष्कळांना आला आहे. आठ दिवस ते करून पाहिले आणि मग दवाखान्यात नेले तर चालेल का? (एक सासूबाई, कुडाळ तालुका)

उत्तर : काकी, अंक छापून हाती पडेपर्यंत फार वेळ जातो, म्हणून आपल्याला ‘आजच न्या’ असे आधीच फोनवर कळवले आहे. येथील उत्तर इतर घरांसाठी आहे.

एकाच वाडीत एकाच वेळी अनेकांना कावीळ होते तेव्हा पहिला संशय पाण्यावर घ्यावा. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र आणि भेगांचा. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागतो आणि पहिल्या जोरदार पावसाबरोबर वरचे सारे काही झिरपत खाली जाते. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर विचारायलाच नको. अशा पाण्यातून हेपॅटायटिस-ए आणि हेपॅटायटिस-ई हे दोन विषाणू पसरतात. लहान मुलांत बहुधा ‘ए’ आढळतो आणि साथीत तरुण-प्रौढ माणसे आजारी पडतात तेव्हा ‘ई’ चा संशय अधिक असतो. दिल्लीत १९५५-५६ मध्ये सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून काविळीची प्रचंड साथ आली होती, आणि घाटापलीकडे इचलकरंजीत २०१२ मध्ये हेपॅटायटिस-ई ची मोठी साथ होती, हे अनेकांना आठवत असेल.

हेपॅटायटिस-ई इतरांत बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. माळेचा आणि झाडपाल्याचा गुण येतो तो याच कारणाने. आजार मुळात जाणारच होता, तो माळ गळ्यात असताना गेला. माळ रोज लांबते, तीही ओल्या काड्या सुकून आकसतात आणि दोरा सैल पडतो म्हणून. श्रद्धेने माळ घालण्याला माझी हरकत नाही, तिने अपाय होत नाही. पण गर्भवतीच्या बाबतीत सगळे गणित बदलते. शेवटच्या तीन महिन्यांत हेपॅटायटिस-ई झाल्यास यकृत अचानक निकामी होण्याचा धोका मोठा असतो, आणि अशा गर्भवतींपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेची माहिती सांगते. बाळ वेळेआधी जन्मणे, पोटात दगावणे, विषाणू बाळापर्यंत पोहोचणे, हेही घडते. आठ दिवस थांबण्याची मुभा येथे नाही. पोटात घ्यायचे झाडपाल्याचे औषध तर देऊच नये, कारण त्यात काय आहे ते देणाऱ्याखेरीज कोणास ठाऊक नसते आणि आधीच सुजलेल्या यकृताला तेही पचवावे लागते.

दवाखान्यात केवळ बिलिरुबिनचा, म्हणजे डोळे पिवळे करणाऱ्या रंगद्रव्याचा, आकडा पाहून भागत नाही. रक्त गोठण्याची चाचणी, म्हणजे पी.टी. आणि आय.एन.आर., आणि रक्तातील साखर या दोन गोष्टी यकृताची खरी अवस्था सांगतात. बिलिरुबिन फार वाढलेले नसतानाही रक्त गोठेनासे झाले असेल, तर तो रुग्ण अधिक गंभीर समजावा. घरच्यांनी पाहायची लक्षणे अशी : दिवसा पेंगणे आणि रात्री टक्क जागे राहणे, बोलण्यात असंबद्धता, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, उलट्या न थांबणे, लघवी कमी होणे. यांपैकी एखादे जरी दिसले तरी रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच जावे. या आजारावर गरोदरपणात देता येईल असे विषाणूनाशक औषध नाही. बारीक देखरेख आणि आधार देणारे उपचार हाच मार्ग आहे, आणि बाळंतपण मुद्दाम लवकर केल्याने आईचे यकृत सुधारत नाही.

येथे रस्त्याचा विचार आलाच. सिंधुदुर्गातून ओरोसचे जिल्हा रुग्णालय, गोव्यातील बांबोळी किंवा घाट चढून कोल्हापूर, असे पर्याय असतात. भर पावसात घाटात दरड कोसळून वाहतूक बंद पडणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. सून बेशुद्धीकडे झुकल्यावर हलवण्यापेक्षा चालती-बोलती असताना मोठ्या ठिकाणी पोहोचवणे हजारपटीने बरे. १०८ ची रुग्णवाहिका आहे, आणि सरकारी योजनेत गर्भवतीला ने-आण करण्याची सोय विनामूल्य आहे; आपल्या आशाताईंना फोन करावा.

आणखी एक. भाताच्या लावणीच्या दिवसांत काविळीबरोबर कडक ताप, पोटऱ्यांत वेदना आणि डोळ्यांत लाली असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय घ्यावा लागतो. त्यावर गरोदरपणातही चालणारी प्रतिजैविके आहेत, ती वेळेवर मिळायला हवीत. चिखलात काम केले होते का, गोठ्यात वावर होता का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे.

पथ्याविषयीही सर्वच पत्रांत विचारले आहे. हळद बंद, तेल बंद, मासे बंद, नुसता उसाचा रस आणि फुटाणे, हा प्रकार गर्भवतीला उपाशी ठेवण्याचा आहे. रस्त्यावरच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो, हे पाहावे म्हणजे पुरे. पेज, मऊ भात, कुळथाची पिठी, नीट शिजवलेले मासे, अंडी, यांतले जे पोटात टिकेल ते थोडे-थोडे, पुनःपुन्हा द्यावे. अर्धवट शिजलेली कालवे आणि तिसऱ्या मात्र पावसाळ्यात गर्भवतीने खाऊ नयेत. घरातील सर्वांनी पाणी खळखळ उकळून प्यावे, आणि विहिरीत टी.सी.एल. पावडर पडते की नाही, याचा ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करावा.

प्रश्न : सहाव्या महिन्याच्या तपासणीत माझे अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त आणि अल्ब्युमिन कमी आले आहे. अहवालात दोन्हीपुढे ठळक खूण आहे. यकृत बिघडले का? (अलिबाग)

उत्तर : बाकीचे आकडे ठीक असतील तर नाही. हे फॉस्फेटेज वारेतूनही रक्तात येते आणि गरोदरपणात रक्त पातळ होत असल्याने अल्ब्युमिनचे प्रमाण घटते. अहवालावरील खूण गरोदर नसलेल्या माणसाच्या मर्यादा धरून छापलेली असते. एस.जी.पी.टी. आणि एस.जी.ओ.टी. ही यकृताची एन्झाइम्स मात्र गरोदरपणात आपोआप वाढत नाहीत. ते वाढले असतील तर कारण शोधावेच लागते.

प्रश्न : प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवताना केलेल्या तपासणीत मला हेपॅटायटिस-बी असल्याचे कळले. मला काहीच त्रास नाही. घरी माझे ताट-वाटी वेगळे केले आहे आणि बाळाला अंगावर पाजू नये असे सांगतात. (मालवण तालुका)

उत्तर : ताट-वाटी आजच पुन्हा एकत्र करावी. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो. जेवणातून, पाण्यातून किंवा एकत्र राहण्याने तो पसरत नाही. आपल्या नवऱ्याची व घरातील इतरांची तपासणी करून, ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी, हे वेगळी ताटे मांडण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे काम आहे.

या विषाणूने आपल्याला सध्या त्रास नसला, तरी बाळासाठी तो लहान विषय नाही. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो आणि पुढे मोठेपणी यकृताचे काठिण्य किंवा कर्करोग होऊ शकतो. समाधानाची गोष्ट अशी, की हे बहुतांशी टाळता येते. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हेपॅटायटिस-बी लसीचा डोस आणि शक्य तितक्या लवकर, जमल्यास १२ तासांच्या आत, इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन द्यावे लागते. नंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या नेहमीच्या लसींत पुढचे डोस येतात. इम्युनोग्लोब्युलिन महाग असते आणि लहान गावात ऐन वेळी मिळत नाही. बाळंतपण जेथे होणार तेथे ते आधीच आणून शीतपेटीत ठेवले आहे ना, याची खात्री आठव्या महिन्यातच करून घ्यावी. रविवारी मध्यरात्री बाळ जन्मल्यावर औषधांची दुकाने धुंडाळण्याची वेळ येऊ नये.

आपल्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणेही आवश्यक आहे. ते दर मिलिलिटरला २ लाख आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक असेल, तर साधारण २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिरची गोळी देतात, म्हणजे बाळाला लागण होण्याची शक्यता आणखी घटते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य देण्याची तरतूद आहे. जिल्हा रुग्णालयात विचारणा करावी. केवळ या कारणासाठी सिझेरियन करण्याची गरज नसते. बाळाला अंगावर अवश्य पाजावे. बाळ नऊ महिन्यांचे झाल्यावर त्याची रक्ततपासणी करून लस लागू पडली का ते पाहतात. ती टाळू नये.

प्रश्न : मी मासेमारी बोटीवर असतो. गेल्या वर्षी बायकोला आठव्या महिन्यात छातीखाली उजव्या बाजूला दुखू लागले. जवळच्या दवाखान्यात ऍसिडिटीचे औषध दिले. दोन दिवसांनी डोके दुखून उलट्या झाल्या, मोठ्या रुग्णालयात नेल्यावर तातडीने सिझेरियन केले. ‘हेल्प सिंड्रोम’ असे कार्डावर लिहिले आहे. दोघेही बचावले, बाळ आता चांगले आहे. पुन्हा मूल हवे आहे, पण भीती वाटते. (रत्नागिरी)

उत्तर : आपल्या गावच्या डॉक्टरांना मी सर्वस्वी दोष देणार नाही, कारण आठव्या महिन्यात जळजळ बहुतेकींना होते. परंतु बी.पी. मोजणे आणि लघवीतील प्रथिने पाहणे याला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि सहाव्या महिन्यानंतर बरगडीखाली उजवीकडे किंवा छातीच्या खड्ड्यात दुखते, असे सांगणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत ती मिनिटे द्यायलाच हवीत.

या विकारात तांबड्या पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स रक्तात वाढतात आणि प्लेटलेट्स कमी होतात. तो बहुधा गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाबरोबर येतो, पण काही स्त्रियांत बी.पी. सुरुवातीला जवळजवळ ठीक असते, त्यामुळे बी.पी. चांगले आले तरी दुखणे राहिल्यास रक्त तपासावेच लागते. यकृतात रक्तस्राव होणे, वार आधीच सुटणे, झटके येणे, मूत्रपिंड बंद पडणे, असे धोके आईला असतात आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ हा बाळाचा मुख्य धोका. उपचार म्हणजे आईला स्थिर करून बाळंतपण करणे. वर दुसऱ्या प्रश्नात आलेल्या हेपॅटायटिस-ई शी तुलना केली, तर निदान का महत्त्वाचे ते कळेल : तेथे बाळंतपणाने आजार हटत नाही, येथे त्यावाचून हटत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन दिवसांतही हा विकार प्रथमच डोके वर काढू शकतो, म्हणून लवकर घरी जाण्याचा आग्रह धरू नये.

याच काळात येणारा आणखी एक, पण फार विरळ विकार म्हणजे गरोदरपणात यकृतात अचानक चरबी साठणे. उलट्या, फार तहान, साखर एकदम खाली जाणे, रक्त न गोठणे ही त्याची लक्षणे असतात आणि उपचारही तोच, तातडीचे बाळंतपण. त्यातील काही बाळांत चरबी जाळण्याच्या क्रियेत जन्मजात दोष असतो, म्हणून अशा बाळाची तपासणी करावी लागते आणि त्याला फार वेळ उपाशी ठेवता येत नाही. आपल्या पत्नीच्या कार्डावर तसे काही लिहिलेले नसल्यास ही चिंता आपल्याला नाही.

पुढच्या खेपेस ‘हेल्प’ पुन्हा होईलच असे नाही, बहुतेकींना तो पुन्हा होत नाही. तरी रक्तदाब वाढण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा जास्त राहते. सिझेरियन झाले असल्याने दीड-दोन वर्षांचे अंतर ठेवावे. मूल राहू देण्याआधी बी.पी., प्लेटलेट्स, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या पूर्वपदावर आल्या आहेत ना, ते पाहून घ्यावे. दिवस राहिल्याचे कळताच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे, कारण कमी मात्रेतील ऍस्पिरिन १२व्या आठवड्यानंतर आणि शक्यतो १६व्या आठवड्याच्या आत सुरू केले तर त्याचा उपयोग होतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची आहे. घरी बी.पी. मोजण्याचे यंत्र असावे.

मासेमारी बंदी साधारणपणे जून-जुलैत असते. बाळंतपणाच्या आधीचे तीन महिने त्या काळात येणार नसतील, तर आपण बोटीवर असताना ही सर्व लक्षणे ओळखून निर्णय घेईल असे माणूस घरात हवे. त्यांना मागच्या वेळचे कार्ड दाखवून ठेवावे. माहेरी बाळंतपण करायचे ठरल्यास त्या कार्डाची प्रत तेथल्या रुग्णालयात सातव्या महिन्यातच द्यावी, आणि मूळ कार्ड पत्नीच्या पिशवीतच राहू द्यावे.